दिवाळीला रंग, पाडव्याला पोपडे : पलंगामागच्या भिंतीचं दुखणं आणि स्वस्तातली सजावट

तक्रार बहुतेक घरांत एकसारखीच असते. ऑक्टोबरात बेडरूमची एक भिंत गडद रंगानं रंगवली, तिच्यावर विटांसारखी दिसणारी फोमची शीट चिकटवली, कडेनं एलईडीची पट्टी फिरवली. फोटो छान आले. फेब्रुवारीत उशालगतचा रंग फुगला, मार्चात पोपडे निघाले आणि पाडव्यापर्यंत गादीवर पांढरी भुकटी सांडायला लागली. पुढच्या दिवाळीला पेंटरनं खरवडलं, लांबी म्हणजे पुट्टी भरली, रंगाचे दोन हात मारले. मार्चात पुन्हा तेच.

दोष पेंटरला दिला जातो, नाहीतर डब्याला. खरं तर बऱ्याचदा चुकलेला असतो तो महिना. सोलापुरात पाऊस तसा कमीच, पण सप्टेंबरात त्याचा जोर असतो. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर भिंत वर्षातली सगळ्यात जास्त ओली असते. हाताला कोरडी लागते, आतून नसते. आपण नेमका तेव्हाच तिच्यावर रंगाचा पापुद्रा चढवतो. नोव्हेंबरपासून हवा कोरडी होते, भिंत वाळायला लागते, आतलं पाणी विटेतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवत बाहेरच्या अंगाला येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. रंगाच्या पाठीमागे त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. भिंत जितक्या झपाट्यानं वाळते तितका लोणा जोरात फुटतो, म्हणून फेब्रुवारी-मार्च.

तेव्हा कमी पैशात खोली सजवायची असेल तर पहिला खर्च रंगाचा नाही, पत्रीचा, म्हणजे खरवडायच्या पात्याचा, आणि थोड्या धीराचा. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली की भिंत उघडा, मार्च-एप्रिल तिला उघडीच वाळू द्या आणि मृगाच्या आत गिलावा आणि रंग संपवा. ४२ अंशांचं ऊन एरवी जीव काढतं, इथं फुकट कामाला येतं.

आधी ओल कुठून येते ते पकडा

डाग कुठे आहे यावरून निम्मं निदान होतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत आडवी, एका रेषेत संपणारी ओल असेल तर पाणी पायातून चढतंय. बाथरूमच्या सामाईक भिंतीवर, नळाच्या किंवा न्हाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या) उंचीला गोलसर डाग असेल तर गळती. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका उतरणारा डाग म्हणजे बाहेरच्या छपरीचा किंवा चौकटीच्या सांध्याचा दोष. छताला लागून वरून खाली येत असेल तर गच्ची किंवा टाकी.

टाकीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण हा प्रकार शहरात सर्रास आहे आणि कुणी तिकडे बघत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येतं. आलं की मोटर लावायची, टाकी भरून वाहू लागली की बंद करायची. ओव्हरफ्लोचा पाइप वीतभरच बाहेर काढलेला असतो, त्यामुळे ते पाणी थेट बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवरून ओघळतं. पंधरा-वीस मिनिटंच, पण वर्षभर. तपासायला सोपं आहे: कॅलेंडरवर पाणी आल्याच्या दिवसाला फुली मारा आणि डाग गडद झाला त्या दिवसाला गोल करा. तीन आठवड्यांत गोल फुलीच्या मागोमाग येताना दिसले तर गवंड्याला बोलवायची गरज नाही. ओव्हरफ्लोचा पाइप वाढवून तळापर्यंत खाली सोडा, टाकीत पाणी मोटरच्याच पाइपातून येत असेल तर पाणी भरताच मोटर बंद करणारा स्विच बसवा आणि थेट नळाचं पाणी येत असेल तर बॉल कॉक.

बाथरूमचा संशय असेल तर न्हाणी ट्रॅपला बोळा घालून जमिनीवर इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारा आणि २४ तास दार बंद ठेवा. उन्हाळ्यात थोडं पाणी नुसतं उडूनही जातं, म्हणून शेजारी तेवढ्याच उंचीचं पाणी भरलेलं घमेलं ठेवा आणि दोन्हींतली घट ताडून बघा. जमिनीवरचं पाणी जास्त उतरलं तर जमीन आणि भिंत यांचा सांधा किंवा ट्रॅपचा गळा फुटलाय. उतरलं नाही तर पाइप तपासा: रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी मोजा, सकाळी पुन्हा मोजा. टाइल्सच्या सांध्यांतली पांढरी सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणं हे पहिलं आणि स्वस्त पाऊल. अख्खं बाथरूम फोडायचा सल्ला त्यानंतरचा.

ओल भिंतीची आहे की खोलीतल्या हवेची, हे कळायला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक घ्या, चारी कडा चिकटपट्टीनं हवाबंद करून भिंतीला लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला असतील तर हवेतून. सोलापुरात हवेची ओल म्हणजे बहुधा कूलर. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून चालवला की आतलीच दमट हवा फिरत राहते आणि पलंगामागे, जिथं वारा पोचत नाही, तिथं कुबट वास धरतो. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा आणि समोरचं दार किंवा खिडकी हातभर उघडी हवी. जूनमध्ये ढग आले की कूलर बंदच करा. त्या दिवसांत तो थंडावा देत नाही, फक्त ओल देतो.

ओल नाही, तरी सोलतं

प्लास्टिक कोरडं राहिलं आणि तरी पोपडे निघत असतील तर खालच्या थरात गडबड आहे. तळवा भिंतीवर घासा. पांढरा झाला तर खाली जुना चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे आणि त्याची भुकटी झालीय. भुकटीवर इमल्शन मारणं म्हणजे पिठावर चिकटपट्टी लावणं. खात्रीसाठी ब्लेडनं भिंतीवर बोटभर चौकोनात चार उभ्या, चार आडव्या चिरा मारा, त्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन निघाले तर त्या भिंतीवर नवा रंग टिकणार नाही. गिलाव्यापर्यंत खरवडावंच लागेल. फोमची शीट मेमध्ये कोपऱ्यांतून सुटते त्याचंही हेच कारण, त्यात पश्चिमेची भिंत तापून डिंक मऊ पडतो. शीटचा डिंक रंगाला धरतो, रंग भुकटीला धरतो आणि भुकटी कशालाच धरत नाही.

भेगा

काळ्या मातीवरच्या घरात काही भेगा जित्या असतात. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, घर तिच्याबरोबर केसभर हलतं. मेमध्ये उघडलेली भेग सप्टेंबरात मिटलेली दिसते. अशा भेगेत पांढरी सिमेंट भरली की वर्षभरात शेजारीच नवी भेग पडते, कारण सिमेंट ताणलं जात नाही. भेग उन्हाळ्यात, उघडी असताना भरा. पत्रीच्या टोकानं ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी ५ मिलिमीटर रुंद-खोल करा, ब्रशनं धूळ काढा, ॲक्रिलिकचा क्रॅक फिलर दाबून भरा, वाळल्यावर बसला तर दुसऱ्यांदा भरा. खांब आणि विटांच्या सांध्यातून सरळ उभी गेलेली भेग असेल तर तिथला गिलावा सहा इंच रुंद काढून कोंबडी जाळी ठोकून नव्यानं गिलावा करा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, बोट जाईल एवढी भेग असेल तर मात्र रंगाचा विचार सोडा आणि आधी इंजिनिअरला दाखवा.

भिंत उघडताना आणि भरताना

पाणी पायातून चढत असेल तर आतून काहीही करण्याआधी बाहेर बघा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी. रस्ता दरवेळी वर चढतो, अंगणात फरशी पडते, भिंतीला टेकून कुंड्यांची रांग लागते आणि मग पाणी बेडरूमकडे वळतं. कुंड्या हलवणं फुकट आहे. बाहेरची पातळी खाली नेणं शक्यच नसेल तर पायाच्या लगत विटांच्या सांध्याच्या रेषेत दहा-बारा सेंटिमीटरवर भोकं पाडून ओल अडवणारं रसायन भरतात. ते काम माहितगारानंच करावं.

मग आत. भिंत बोटाच्या पेरानं ठोकत जा. जिथं खणखणीत वाजेल तिथला गिलावा राहू द्या, जिथं बद्द आवाज येईल तिथला काढा. ओलीची रेषा जिथं संपते त्याच्या फूटभर वरपर्यंत काढायचा. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशनं झाडा आणि भुकटी लगेच खोलीबाहेर न्या. इथं सर्वांत मोठी चूक होते ती भिंत पाण्यानं धुण्याची. क्षार पाण्यात विरघळून परत विटेत शिरतात आणि पंधरा दिवसांत हजर होतात. पहिल्या आठवड्यात नवा लोणा येईल, तो पुन्हा झाडा. येणं थांबलं आणि प्लास्टिकची चाचणी कोरडी निघाली की भिंत तयार. नऊ इंची विटेच्या भिंतीला इथल्या उन्हाळ्यातही तीन-चार आठवडे सहज लागतात.

बारा फूट लांबीच्या भिंतीचा खालचा तीन फूट पट्टा, म्हणजे ३६ चौरस फूट, पुन्हा करायचा तर सिमेंट अर्धी गोणी, धुतलेली वाळू अडीच घनफूट, म्हणजे १ला ४चं प्रमाण, आणि वॉटरप्रूफिंगचं द्रव १०० मिली. हे द्रव साधारण ५० किलोच्या गोणीला २०० मिली असतं. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्याचं ऐका. जास्त ओतलं म्हणून जास्त अडत नाही, उलट गिलावा कच्चा राहतो. पाणी नळाचंच वापरा. बोअरचं खारं पाणी कालवायला आणि वरून मारायला वापरलं तर आपणच पुढच्या लोण्याची बेगमी करून ठेवतो. सात दिवस पाणी मारायचं आणि त्यानंतर एकूण २८ दिवस पुरे झाल्याशिवाय वर काही लावायचं नाही. ओल्या सिमेंटमधली अल्कली रंग खाते, छटा डागाळते.

लांबीसाठी पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घ्या. १२ बाय १० फुटांच्या अख्ख्या भिंतीला दोन हातांना १२ किलोच्या आसपास लागते. किलोला ३५०-४०० मिली पाणी, दोन तासांत संपेल एवढीच कालवा आणि घट्ट व्हायला लागलेल्यात परत पाणी घालू नका; अशी पुट्टी वाळल्यावर बोटानं निघते. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको. काचपेपर आधी १२० नंबर, शेवटी २२०. पुट्टीची धूळ कोरड्या कापडानं नीट पुसा, कारण इथंच आळस होतो आणि प्रायमर धुळीवर बसतो. पीओपीनं भिंत गुळगुळीत करून देतो म्हणणारा भेटेल. ओल धरणाऱ्या भिंतीला पीओपी नको, पाणी लागलं की ते मऊ पडतं.

त्या भिंतीला प्रायमर एक लिटर भरपूर झाला. इमल्शन दोन हातांना लिटरमागं सुमारे १०० चौरस फूट धरा, म्हणजे १२० फुटांना एक लिटर कमी पडतो. मशीनवर कालवलेली छटा असेल तर दोन्ही डबे एकदमच घ्या आणि सुरू करण्याआधी एका बादलीत एकत्र करा, नाहीतर अर्ध्या भिंतीवर छटेचा फरक दिसतो. छटेबद्दल एक स्पष्ट मत: ज्या भिंतीला कधीही लोणा आलाय तिला बाटली हिरवा, नेव्ही ब्लू असले गडद मॅट रंग देऊ नका. पांढरा ठिपका त्यांच्यावर दहा फुटांवरून दिसतो, पिवडीच्या किंवा मळकट पांढऱ्या रंगावर दिसत नाही. गडदपणा हवा तर तो कापडातून आणा.

दगडी-मातीच्या भिंतीचा हिशेब वेगळा

गावठाणातल्या जुन्या घरांत भिंत काळ्या दगडाची, सांधे मातीचे, दोन-दोन फूट जाड. या भिंती श्वास घेतात: ओल येते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा टाइल्स लावल्या की उडायचा मार्ग बंद होतो आणि तीन फुटांवर असणारी ओल पाच फुटांवर चढते. मग लोक आणखी उंच टाइल्स लावतात. तिथं वॉटरप्रूफिंगचं द्रव, पुट्टी, इमल्शन यातलं काहीच नको. मुरवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग असा गिलावा आणि वर चुन्याचा हात. चुना फडक्यातून गाळून पातळ ताकासारखा करा, तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. जाड एक हात दिला तर तो वाळताना तडकतो. गेरू किंवा पिवडी आधी वेगळ्या पाण्यात भिजवून मगच चुन्यात मिसळा. ओला असताना रंग बराच गडद दिसतो, म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात हातभर लावून पूर्ण वाळू द्या आणि मग प्रमाण ठरवा. या रंगाला जी ढगाळ, असमान छटा येते, तिच्यासाठी बाहेर महागडे टेक्स्चर पेंट विकले जातात.

चिकटवू नका, टांगा

भिंत दुरुस्त झाली तरी पलंगामागच्या भागावर वॉलपेपर, फोम शीट, पीव्हीसी पॅनेल नकोच. त्यांच्या मागे काय चाललंय ते दिसत नाही आणि पॅनेलखाली लाकडी पट्ट्या असतील तर वाळवीला आयतंच आमंत्रण. ज्या शहरात जॅकार्ड मागावर विणलेली चादर मिळते, तिथं उशामागे दुसरं काही लावायचं कारणही नाही.

साधारण ६० बाय ९० इंचांची सिंगल चादर आडवी टांगली की साडेसात फूट रुंद, पाच फूट उंच पडदा होतो. सहा फुटी पलंगाच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच बाहेर राहते, प्रमाण डोळ्याला नेमकं वाटतं. फक्त नक्षी बघून घ्या: मोर-कमळाची चादर आडवी टांगली की मोर पाठीवर पडतो. आडव्यासाठी चौकटी किंवा भौमितिक नक्षीच घ्या. या चादरीची उलटी बाजू म्हणजे तीच नक्षी, रंगांची अदलाबदल झालेली. उन्हाळ्यात फिकी बाजू बाहेर, थंडीत गडद. अक्कलकोट रोडकडच्या कारखान्यांच्या दुकानांत विणीत किरकोळ दोष असलेला सेकंड माल विचारा, एखादा तुटका धागा भिंतीवर कुणाला दिसत नाही. काठाचा एक धागा जाळून बघा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टरचा वितळून मणी होतो.

शिवण्याआधी चादर एकदा गार पाण्यात एकटीच धुवा. सुती आहे, थोडी आटतेच. आधी शिवून मग धुतली तर फितीजवळ चुण्या पडतात. वाळल्यावर ओला पांढरा रुमाल तिच्यावर घासा. रुमालाला रंग लागला तर अजून एक-दोन धुण्या हव्यात, नाहीतर पावसाळ्यात तोच रंग भिंतीला लागेल. मग वरच्या कडेला इंचभर रुंद सुती फितीच्या १३ कड्या, साडेसात इंचांच्या अंतरानं. प्रत्येकीला सहा इंच फीत, म्हणजे एकूण दोन मीटर. सात-आठ कड्यांवर भागवलं तर मधे कापड झोळीसारखं लोंबतं, कारण चादर जड असते.

नळी एक इंची, आठ फूट, तीन ब्रॅकेटवर. दोनवर मधून वाकते. ब्रॅकेट असे घ्या की नळी भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे राहील. मागून हवा खेळली पाहिजे, ही इथली सगळी मेख. उंची जमिनीपासून साडेसहा-सात फूट. विटेच्या भिंतीला ८ मिलिमीटरचं भोक, दोन इंच खोल, फुंकून धूळ काढून प्लास्टिकची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू. दीड इंची स्क्रूचा निम्मा भाग गिलाव्यातच जातो आणि गिलावा वजन पेलत नाही. मातीच्या सांध्यात गिट्टी धरतच नाही. तिथं छताच्या तुळईला हूक लावून सुती दोरीनं नळी खाली सोडा. चांगलं दिसतं, भोकंही वाचतात.

एलईडीची पट्टी भिंतीला चिकटवण्याऐवजी पलंगाच्या मागच्या फळीला ॲल्युमिनियमच्या खोबणीत बसवा, प्रकाश चादरीवर खालून पडतो आणि विणीचा उठाव दिसतो. बल्ब घेताना खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात सुती कापड दवाखान्यातल्यासारखं दिसतं.

पलंग भिंतीपासून चार इंच पुढे ओढा, बॉक्स पलंग असेल तर सहा. पुढच्या वर्षी दसऱ्याला चादर धुवायला काढाल तेव्हा मागच्या भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन दोन दिवस लावा. कोरडा निघाला तर चादर परत टांगा. थेंब आले तर ती दिवाळी भिंत तशीच राहू द्या, पत्री जत्रेनंतर काढा आणि तोवर चादर पलंगावर अंथरा.